झिंग्याच्या तळ्याला खत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की आमच्याकडे बोड्यांची (शेतातल्या लहान तळ्यांची) आणि शेततळ्यांची कामं निघतात, आणि त्याच सुमारास झिंग्याच्या खताबद्दल विचारणा सुरू होते. अर्जुनी मोरगावच्या बाजूला झिंगा करत असताना गोंदिया-भंडाऱ्यापासून थेट अकोल्यापर्यंतच्या लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. झिंगा म्हणजे इथे गोड्या पाण्यातला, निळ्या नांग्यांचा मोठा झिंगा. व्यापारी त्याला स्कॅम्पी म्हणतात. सगळी मापं एक एकर पाणपसारा आणि सरासरी एक मीटर खोली धरून दिली आहेत. तळं अर्धा एकर असेल तर माप अर्धं करा.

१. झिंग्याला गोळी खाद्य देतोच आहोत. मग तळ्याला वेगळं खत कशासाठी?

पहिला महिना-दीड महिना बीज, म्हणजे झिंग्याची पिल्लं, गोळीपेक्षा तळ्यातलंच जास्त खातं म्हणून. बीज येतं तेव्हा जेमतेम सेंटीमीटरभर असतं. एवढ्या पाण्यात गोळी शोधत फिरणं त्याला जमत नाही. त्याला जागच्या जागी खाणं लागतं: गाळातल्या बारीक अळ्या, कृमी, कुजत्या पानाकाडीवर धरलेला बुळबुळीत थर. खत या जिवांसाठी असतं, आणि हे जीव झिंग्यासाठी.

दुसरं काम सावलीचं. पाण्याला हलका हिरवा रंग आला की ऊन तळापर्यंत पोचत नाही आणि तळाशी शेवाळाचे झुपके वाढत नाहीत. त्या झुपक्यांत बीज अडकून मरतं.

आता एक फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यावरच उभी आहेत. कतला मासा वरच्या पाण्यातले प्लवंग (तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातो. झिंगा तळाशी चालतो, तळाशी खातो, कात टाकायलाही तळाशीच लपतो. जास्तीचं शेण जाऊन बसतं तेही तळाशीच. ते कुजताना पहिला प्राणवायू तिथलाच संपतो. म्हणून माशांच्या तळ्याचं खताचं माप झिंग्याला लावू नका.

२. तळं तयार करायला कधी घ्यायचं? आमच्याकडे पाणी तर पावसाचंच आहे.

विदर्भात या झिंग्याला सलग सहा महिनेच चांगले मिळतात. त्याला २८ ते ३१ अंशांचं पाणी मानवतं. मे महिन्यात उथळ पाणी ३५ च्या वर जातं, आणि डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरकडे रात्रीचा पारा १० च्या आसपास येतो. पाणी २० अंशांखाली गेलं की झिंगा खाणं सोडतो, १४ च्या आसपास मरू लागतो. म्हणून बीज जुलैत आणि काढणी डिसेंबरच्या आत.

यावरून मागे मोजा. एप्रिल-मेमध्ये तळं आटवा. भेगा पडून त्यात बोट जाईल इतकं वाळू द्या. काळा, वास मारणारा गाळ उचलून बांधीत (धानाच्या खाचरात) टाका, धानाला तो सोन्यासारखा. वरवर नांगरून घ्या. मग चुना (प्रश्न ३), आठवडाभराने शेणखत (प्रश्न ४), आणि पहिल्या भरवशाच्या पावसाबरोबर पाणी. पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर मरळ आणि मांगूर आत येतात.

पाणी भरल्यावर बीज टाकायला महिना लावू नका. तेवढ्यात चतुराच्या अळ्या आणि पाणकिडे मोठे होतात आणि तेच बीज खातात. दहा-पंधरा दिवस पुरे.

३. चुना किती टाकायचा? शेजारी म्हणतो, पोतंभर टाक.

माती तपासल्याशिवाय पोतंभरही नको. कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृदा तपासणी प्रयोगशाळेत तळाची माती द्या. चार-पाच ठिकाणची घेऊन मिसळा, पाळीची (तळ्याच्या बांधाची) माती देऊ नका. सामू (पीएच) ६ च्या खाली आला तर चुनखडीची पूड ४०० ते ५०० किलो, ६ ते ७ असेल तर २०० किलोच्या आसपास, ७ ते ७.५ ला ८०-१०० किलो. त्याच्या वर असेल तर चुना टाकू नका.

गडचिरोली, गोंदियाच्या तांबड्या-पिवळ्या मातीला चुना बहुधा लागतो. यवतमाळ, अमरावती, अकोल्याची काळी माती मुळातच चुनखडीयुक्त असते. तिथे चुना टाकून लोक सामू आणखी चढवतात, आणि मग युरियाने घात होतो (प्रश्न ६).

कळीचा चुना वापरत असाल तर माप जवळजवळ निम्मं करा. ५६ किलो शुद्ध कळीचा चुना १०० किलो चुनखडीइतकं काम करतो. तो फक्त कोरड्या तळ्यात, बीज टाकण्याच्या किमान दोन आठवडे आधी. तळ्यात झिंगे असताना कळीचा चुना कधीच नाही.

४. शेणखत किती आणि कसं टाकायचं?

सुरुवातीला ५०० ते ८०० किलो पुरतं. बंडीने अंदाज घेऊ नका. ओल्या शेणाची बंडी आणि वाळक्या खताची बंडी यांत फार फरक पडतो. एक टोपलं तोलून घ्या आणि टोपली मोजा.

तळ्यात पसरून देण्यापेक्षा मला पोत्यांची पद्धत पटते. सच्छिद्र पोत्यांत खत भरून, कडेला गुडघाभर पाण्यात बांबूला बांधून ठेवायचं. अर्क पाण्यात उतरतो, काडीकचरा पोत्यातच राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी जास्त हिरवं झालं तर पोती उचलून बाहेर काढता येतात. पसरलेलं शेण परत गोळा करता येत नाही.

नंतर दर आठवड्याला ५०-१०० किलो, तेही पाणी बघून (प्रश्न ७). झिंगा दीड-दोन महिन्यांचा झाला आणि रोज गोळी पडू लागली की विष्ठा आणि उरलेलं खाद्य हेच खत होतं. त्यानंतर शेण बंद.

५. ताजं शेण चांगलं की कुजलेलं?

कुजलेलं. ताजं शेण पाण्यात कुजतं आणि ते कुजायला लागणारा प्राणवायू तुमच्या झिंग्यांच्या वाट्याचा असतो. उकिरड्यावर तीन-चार महिने मुरलेलं खत घ्या. गोबरगॅसची मळी मिळाली तर सगळ्यात उत्तम. कुजण्याचं बरंचसं काम टाकीतच झालेलं असतं. कोरड्या तळात, पाणी भरण्याआधी टाकत असाल तर थोडं कच्चं खपून जातं.

कोंबडीखत चालतं का, हाही याच जातीचा प्रश्न. चालतं, पण शेणाच्या तिसऱ्या हिश्श्याने, आणि तेही मुरवून. ज्या शेडमध्ये पक्ष्यांना औषधं चालू होती तिथलं घेऊ नका. झिंग्यात प्रतिजैविकांचा अंश सापडला तर माल परत येतो.

६. युरिया, सुपर फॉस्फेट, डीएपी: यातलं काय वापरू?

आधी हे समजून घ्या की तळ्यात कमी पडतो तो बहुतेक वेळा स्फुरद (फॉस्फरस). नत्राची (नायट्रोजनची) थोडीफार सोय शेणातून होते, आणि काही शेवाळं ती हवेतून करतात. म्हणून एकच घ्यायचं तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, एका वेळी १० किलो. त्यात १६ टक्के स्फुरद असतं, म्हणजे १.६ किलो. तेवढंच स्फुरद साडेतीन किलो डीएपीतून मिळतं आणि वर थोडा नत्रही येतो. सुपर मिळत नसेल तर डीएपी घ्या, दोन्ही नकोत.

दाणे मुठीने फेकू नका. ते सरळ गाळात जातात आणि गाळ स्फुरद धरून ठेवतो, पाण्याला काही मिळत नाही. रात्री ड्रममध्ये भिजत घाला. सकाळी ऊन वर आल्यावर वरचं पाणी तांब्याने तळ्यावर शिंपडा. खाली उरलेला चोथा झाडांना घाला. चुना आणि सुपर एकत्र पडले तर दोन्ही वाया जातात, त्यात आठवड्याचं अंतर ठेवा.

युरिया ४ किलोच्या वर नको, आणि काळ्या मातीच्या तळ्यात तर नकोच. युरियातून अमोनिया तयार होतो. सामू ७.५ असेल तर त्यातला बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो, पण ८.५-९ झाला की त्याचा मोठा भाग विषारी होतो. हिरव्या तळ्याचा सामू दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत वर असतो. म्हणजे सकाळी मोजलेला ८ बघून युरिया टाकला तरी दुपारी तो झिंग्याला जाळतो.

७. पाणी तयार झालं हे ओळखायचं कसं?

डब्याचं वीतभर रुंदीचं गोल झाकण घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या आणि मध्ये खुणा केलेली काठी ठोका. दहा ते दोनच्या उन्हात, सूर्याकडे पाठ करून पाण्यात हळूहळू सोडा. झाकण दिसेनासं होईल ती खोली बघा. ३० ते ४० सेंटीमीटर असेल तर पाणी तयार आहे. ४० च्या पुढे दिसत असेल तर खताचा पुढचा हप्ता द्या. २५ च्या आत दिसेनासं झालं तर हात आवरा. झाकण नसेल तर कोपरापर्यंत हात बुडवा. बोटं अंधुक दिसली की ठीक.

हे झालं वरच्या पाण्याचं, आणि बहुतेक जण एवढ्यावरच थांबतात. झिंग्यासाठी मला दुसरी परीक्षा जास्त भरवशाची वाटते. पाणी भरल्यावर दहाव्या दिवशी कडेपासून दोन पावलं आत जा, तळाचा ओंजळभर गाळ उचला आणि पिठाच्या चाळणीत घेऊन तळ्याच्या पाण्यातच हलवत धुवा. माती निघून जाते. चाळणीत काडीकचरा उरतो, आणि त्यात लाल दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळताना दिसतं. त्या चिलटांच्या अळ्या. एका चाळणीत आठ-दहा दिसल्या तर बीज आणायला निघा. गाळ काळा निघाला आणि सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी कितीही सुंदर हिरवं असो, बीज टाकू नका. तळ अजून खत पचवतोय.

८. दोनदा खत टाकलं, पाणी हिरवंच होत नाही. आणखी टाकू का?

नका टाकू. कारण शोधा.

पाणी गढूळ असेल तर ऊन आत जात नाही, मग खत कितीही टाका. नवी, उघडी पाळ प्रत्येक पावसात धुऊन येते. तिच्यावर हरळी लावा. अशा पाण्यात प्रश्न ७ मधलं झाकणही फसवतं, कारण ते गाळामुळे दिसेनासं होतं, हिरवेपणामुळे नाही. काचेच्या ग्लासात पाणी धरून उजेडाकडे बघा, लगेच कळतं.

पाणी वाहतं असेल, म्हणजे एका बांधीतून आत येऊन दुसरीत जात असेल, तर खत तुमच्या धुऱ्यापलीकडच्या माणसाच्या धानाला पोचतंय. तळाशी पाणवनस्पती माजल्या असतील तर खत त्या खातात; आधी त्या उपटा.

आणि पूर्व विदर्भातलं खास कारण म्हणजे पावसाचं मऊ पाणी. पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असली की खत लागूच पडत नाही. तिथे चुनखडीची पूड हेच खरं खत. तिच्यातलं कॅल्शियम झिंग्याला कात टाकल्यावर नवं कवच घट्ट करायलाही लागतं.

९. पाणी गर्द हिरवं झालंय, वर साय धरते. सकाळी झिंगे काठाला येतात. काय करू?

आधी आजचा उपाय. खत बंद, आज आणि उद्या खाद्यही बंद. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर नवं पाणी फवारत सोडा, आणि तळाचं जुनं पाणी काढता येत असेल तर काढा. पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडलं तरी उपयोग होतो. साय वाऱ्याने एका कोपऱ्यात जमते, ती कापडाने ओढून बाहेर घ्या. शेवाळ मारायला मोरचूद टाकू नका. तांबं झिंग्यालाच आधी मारतं, आणि शेवाळ एकदम मेलं तर ते कुजून उरलेला प्राणवायूही जातो.

आता हे का होतं ते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेही श्वास घेतं. म्हणून पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तीन-चार दिवस आभाळ आलं की दिवसाची भरही पडत नाही.

एका पोळ्याला हे मी माझ्या तळ्यावर पाहिलं. चार दिवस झडी लागलेली. पाणी जरा फिकं दिसतंय म्हणून मी पोळ्याच्या सकाळी आठ टोपली शेण टाकलं. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पहाटे पाळीवर गेलो तर काठाला चारही बाजूंनी झिंगे. डोकी पाण्याच्या रेषेत, लांब मिशा वर, बॅटरीचा उजेड पडला तरी हलत नव्हते. एरवी हाताला लागत नाही तो जीव मी ओंजळीत उचलून घेतला. शेजाऱ्याचा पंप आणून लावेपर्यंत सात वाजले. जवळपास निम्मे झिंगे गेले, आणि मोठे आधी गेले. त्या दिवसापासून माझा नियम एकच: सकाळी आठला पाळीवर माझी सावली पडत नसेल, तर त्या दिवशी खत नाही.

१०. तळं आटत नाही, जुने मासे आहेत. मोहाची ढेप चालते का?

चालते, आणि आपल्याकडे तिच्यासारखी गोष्ट नाही. टोळीचं (मोहाच्या बीचं) तेल काढल्यावर उरलेल्या ढेपेत सॅपोनिन असतं. ते माशांच्या कल्ल्यांवर काम करतं, आणि विष ओसरलं की तीच ढेप खत होते. माप घनमीटरला २५० ग्रॅम, म्हणजे एकर-मीटर पाण्याला १० क्विंटल. पाणी जमेल तेवढं उतरवून घ्या. अर्धा मीटर राहिलं तर ढेप निम्मी लागते. रात्रभर भिजवून, सगळ्या तळ्यात पसरून टाका.

विष ओसरायला दोन ते तीन आठवडे लागतात. बीज टाकण्याआधी मच्छरदाणीच्या कापडाच्या पिंजऱ्यात पाच-सहा लहान मासे दिवसभर ठेवून बघा. ढेप वापरली असेल तर प्रश्न ४ मधलं सुरुवातीचं शेणखत पूर्ण वगळा. लोक दोन्ही टाकतात आणि तळ सडवतात.

सॅपोनिन माशाइतकं झिंग्याला लागत नाही, हे खरं. म्हणून झिंगे असलेल्या तळ्यात ढेप टाकून मासे मारावेत असं काहींना वाटतं. तसं करू नका. विषाने नाही तर कुजणाऱ्या ढेपेमुळे प्राणवायू संपून झिंगे मरतात.

११. माझं शेततळं प्लास्टिक अस्तराचं आहे. खताचं माप तेच का?

नाही. ३० बाय ३० मीटरचं शेततळं ९ आर, म्हणजे एकराच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी. आधी तिथे माप उतरवा. मग त्याचंही निम्मं करा, कारण स्फुरद धरून ठेवणारी माती तिथे नाही, जे टाकाल ते सगळं पाण्यात राहतं. शेण पोत्यातूनच. चुन्याचं मातीवर आधारलेलं माप इथे लागू नाही, पाण्याची क्षारता तपासा.

खरी अडचण वेगळीच. प्लास्टिकवर अळ्या धरत नाहीत, त्यामुळे प्रश्न ७ मधली चाळणी रिकामी निघणार. तळाला चार-सहा इंच माती पसरता आली तर उत्तम. नाहीतर धानाच्या तणसाच्या छोट्या पेंढ्या, बांबूच्या फांद्या, जुनी जाळी सोडा. त्यावर बुळबुळीत थर धरतो, आणि कात टाकलेल्या झिंग्याला लपायला जागाही होते. तणस दोन-चार पेंढ्यांहून जास्त नको, तीही कुजतेच.

१२. कतला-रोहूसोबत झिंगा आहे. मग खत माशाच्या हिशेबाने का झिंग्याच्या?

झिंग्याच्या. कतल्याला खाणं थोडं कमी पडलं तर तो हळू वाढेल, पण झिंग्याच्या तळाशी खत जास्त झालं तर तो मरेल. कतला असला की वरचे प्लवंग तो आवरतो, म्हणून जोडी चांगली. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे मात्र नको, दोघंही तळाशी झिंग्याच्याच ताटात जेवतात.

१३. जीवामृत टाकलं तर रासायनिक खत लागणार नाही ना?

२०० लिटर जीवामृतात शेण १० किलो, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो असतं. प्रश्न ४ मधल्या मापाशी ताडून बघा. एकराच्या तळ्याला यातून अन्नद्रव्यं फारच थोडी मिळतात. त्याने नुकसान नाही, पण त्यावर विसंबून शेणखत टाळू नका. गोमूत्र वाढवू नका, त्यातही नत्र आहे आणि प्रश्न ६ चा धोका तिथेही आहे.

१४. खत बरोबर टाकलं, पाणीही बरोबर होतं, तरी बीज दोन दिवसांत संपलं. कशाने?

मी आधी दोन गोष्टी विचारतो. शेण कुणाच्या गोठ्यातलं? गुरांना गोचिडीचं औषध लावलं किंवा टोचलं होतं का? झिंगा हा किडीच्याच कुळातला. जे औषध गोचीड मारतं ते त्यालाही मारतं, आणि काही औषधांचा अंश शेणातून बाहेर पडतो. ज्या गुरांना गेल्या महिन्या-दोन महिन्यांत असं औषध दिलंय, त्यांचं शेण झिंग्याच्या तळ्यात नको.

दुसरं, वरच्या अंगाला कपाशी किंवा धान आहे का आणि तिथे फवारणी झाली का? सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशाला सोसतील त्याहून कितीतरी कमी मात्रेत झिंगा मारतात. शेताचं वाहून येणारं पाणी चर खणून वळवा. फवारणीचा पंप तळ्यावर धुवायला कुणालाही देऊ नका, घरच्या माणसालाही नाही.

१५. मामा तलाव संस्थेने ठेक्याने घेतलाय. त्यात खत टाकून झिंगा वाढवता येईल का?

बीज सोडता येईल, खत टाकू नका. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तो गावाचा असतो. त्यातून धानाला पाणी जातं, गुरं तिथेच पाणी पितात, ढिवर बांधवांचे देशी मासे, पोवनकांदे, कमळकंद, पक्षी हे सगळं त्याच पाण्यावर आहे. खताने निळं-हिरवं शेवाळ माजलं तर त्यातल्या काही जाती गुरांना विषारी ठरतात. आणि पाणी वाहतं असल्याने खत टिकतही नाही. या तलावांत गाळातच भरपूर खाणं असतं. तिथे बेशरमाची झुडपं काढणं आणि कडेच्या देशी पाणवनस्पती राखणं, यातून झिंग्याला खतापेक्षा जास्त मिळतं. खत करायचंच असेल तर लगतच्या बोडीत बीज दोन महिने वाढवा आणि मग तलावात सोडा.

१६. आम्ही अकोल्याकडे खारपाणपट्ट्यात आहोत. बोअरचं पाणी खारट. इथे काय?

पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात वरची बहुतेक मापं जशीच्या तशी चालत नाहीत. माती विम्लधर्मी (सामू जास्त असलेली), म्हणून चुना नाही आणि युरिया नाही. बोअरचं पाणी खारट असून वर जड. जडपणा लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की स्कॅम्पीची वाढ खुंटते, कवचावर पुटं चढतात. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तरच स्कॅम्पी करा.

हरियाणा, पंजाबमध्ये अशा खारट जमिनीत व्हेनामी कोळंबी होते, हे ऐकून बरेच जण विचारतात. तो परदेशी जातीचा झिंगा आहे. बीज आणण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयातून परवानगीचं विचारून घ्या. पाण्याच्या बाबतीत, जमिनीखालचं खारट पाणी समुद्राच्या पाण्यासारखं नसतं. त्यात पालाश (पोटॅशियम) बहुधा फार कमी असतो आणि त्यावाचून व्हेनामी कात टाकताना मरते. तिथे म्युरेट ऑफ पोटॅश टाकतात ते खत म्हणून नव्हे, पाण्यातली ही तूट भरायला. किती टाकायचं हे पाण्यातलं पालाश, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि क्षार मोजल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून खोदाईआधी बोअरचं पाणी तपासून घ्या. आणि काढणीनंतरचं खारट पाणी कुठे सोडणार, त्याची जागा आधी ठरवा. ते शेजाऱ्याच्या तुरीत गेलं तर ती जमीन पुन्हा पिकायला फार वर्षं लागतात.